दुःखाचा वाटेकरी

संसार म्हटला की त्यात दुःख आलेच. ज्या ओसरीवर काल बारशाच्या घुगऱ्या वाटल्या गेल्या, त्याच ओसरीवर आज समाचारास येणाऱ्यांसाठी सतरंजी अंथरावी लागते, हा अनुभव ज्या घरास आला नाही असे घर विरळाच. दुःख यावे की न यावे हे मनुष्याच्या हाती नाही. परंतु आलेल्या दुःखाशी कसे वागावे, त्याचा अर्थ काय लावावा, आणि त्यातून उठून दुसऱ्या दिवशी चूल पेटवावी कशी, हे काही अंशी तरी त्याच्या हाती आहे. प्रत्येक धर्माने या प्रश्नाचे काही ना काही उत्तर आपल्या अनुयायांच्या शिदोरीस बांधून दिले आहे. आपल्या घरांतून प्रारब्ध, ऋणानुबंध, ईश्वरेच्छा हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करीत आले आहेत. या वेळी आम्ही आमच्या वाचकांपुढे दुसऱ्या एका शिदोरीचा विचार मांडणार आहोत. ख्रिस्ती श्रद्धेच्या आधाराने माणसे संसारातील आपत्ती कशा सोसतात, आणि त्या श्रद्धेत सोसण्याचे बळ देणारे असे नेमके काय आहे, हा आमचा आजचा विषय आहे.

हा विषय आपल्या घरांशी संबंध नसलेला आहे असे कोणी म्हणेल, तर ते खरे नव्हे. पंडिता रमाबाई या वेदशास्त्रसंपन्न अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कन्या. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी जन्मलेले चित्पावन. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई या नाशिकजवळील जलालपूरच्या गोखल्यांच्या. ही माणसे आपल्याच माजघरातून उठून गेली. ती गेली तेव्हा आपल्या समाजास राग आला, दुःख झाले, वर्तमानपत्रांतून रकानेच्या रकाने भरले गेले. परंतु तिकडे जाऊन त्यांना काय लाभले, कोणत्या बळावर त्यांनी पुढील आयुष्य काढले, हा प्रश्न शांतपणे विचारणारे थोडेच निघाले. धर्मांतराचा पुरस्कार करावा अथवा त्याचा निषेध करावा, हा आमचा हेतू नाही. शेजाऱ्याच्या घरातील दिवा कोणत्या तेलावर जळतो हे पाहिल्याने आपला दिवा विझत नाही, एवढेच आम्हांस म्हणावयाचे आहे.

प्रथम रमाबाईंचे दुःख किती होते ते पाहू. त्यांचा जन्म इ. स. १८५८ मधला. वडिलांनी आपल्या पत्नीस संस्कृत शिकविले आणि त्या माउलीने मुलीस शिकविले. हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडत असे. पुढे दक्षिणेत दुष्काळ पडला आणि या विद्वान कुटुंबाची अन्नान्नदशा झाली. दागिने गेले, भांडीकुंडी गेली, शेवटी तांदळाचा शेवटचा दाणाही संपला. रानात झाडपाला व पाणी यांवर दिवस काढण्याची पाळी आली. थोड्या महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि वडील बहीण अशी तीन माणसे गेली. आईच्या प्रेतास खांदा देण्यास पुरेशी माणसेही मिळेनात. तेव्हा विशीही न उलटलेल्या या मुलीस भावाबरोबर स्वतः तिरडी उचलावी लागली. पुढे ती दोघे बहीणभाऊ हजारो मैल पायी हिंडली. पंजाबच्या थंडीत पांघरूण नसल्याने वाळूत खड्डे करून त्यांत अंग पुरून त्यांनी रात्री काढल्या.

१८७८ मध्ये कलकत्त्यास त्यांच्या विद्वत्तेचा गौरव झाला, ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. पण दोन वर्षांतच एकुलता एक आधार असलेला भाऊ श्रीनिवास वारला. त्याच १८८० साली बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी त्यांनी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ च्या एप्रिलात मनोरमा जन्मली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीच्या आजाराने पती गेले. रमाबाईंचे वय त्या वेळी तेवीस, आणि कडेवर दहा महिन्यांची मुलगी. माहेर उरले नाही, सासर आंतरजातीय विवाहामुळे तुटलेले. दुःखाची गणना करावयास बसले तर एका जन्मास एवढे पुरे आहे.

येथे आमच्या वाचकांनी क्षणभर थांबून एका गोष्टीचा विचार करावा. अशा स्त्रीस त्या काळी आपल्या समाजापाशी सांत्वनाचे कोणते शब्द होते? प्रारब्ध हा शब्द स्वतःच्या दुःखाविषयी स्वतः उच्चारला असता मनास शांत करतो, यात शंका नाही. कित्येक वृद्ध माणसे याच एका शब्दाच्या आधाराने मोठमोठे घाव निमूटपणे सोसताना दिसतात. परंतु तोच शब्द दुसऱ्याच्या तोंडून निघाला की त्याचे शस्त्र होते. पतीच्या मरणाचे कारण पत्नीच्या पूर्वजन्मीच्या पापात शोधावयाचे, तिला पांढऱ्या पायाची म्हणावयाचे, मंगलकार्यात तिने पुढे येऊ नये असे ठरवावयाचे, ही सर्व त्याच विचाराची फळे होत. दुःखी माणसावर दुःखाबरोबर अपराधाचाही बोजा लादला जाई. शास्त्रकारांचा अभिप्राय असा होता की नव्हता, हा वाद पंडितांनी करावा. घराघरांत घडत होते ते हे असे होते.

रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडास गेल्या. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्यांचा मुक्काम होता. तेथून त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातील एक आश्रम पाहण्यास नेले. ज्या स्त्रियांचे पाऊल वाकडे पडले अशा स्त्रियांस तेथे आश्रय दिला जाई आणि कुलीन घरांतील भगिनी त्यांची सेवा करीत. रमाबाईंस नवल वाटले. पतितेस घराबाहेर काढणारे लोक त्यांनी पाहिले होते; तिला हाताशी धरून घरात घेणारे त्यांनी प्रथमच पाहिले. असे करण्यास यांना कोणी शिकविले, असे त्यांनी विचारता एका भगिनीने योहानकृत शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांस वाचून दाखविली. भर दुपारी विहिरीवर एकटीच पाण्यास आलेली, लोकांनी नावे ठेवलेली ती स्त्री, आणि तिच्यापाशी पाणी मागून तिच्याशी धर्माच्या गोष्टी बोलत बसलेला येशू. या कथेने आपल्या मनाचा पालट झाला, असे पुढे रमाबाईंनी आपल्या आत्मनिवेदनात नमूद केले आहे.

त्याच शुभवर्तमानात पुढे जन्मांध मनुष्याची एक कथा आहे. शिष्य गुरूस विचारतात, हा जन्मतः आंधळा झाला तो कोणाच्या पापाने, याच्या की याच्या आईबापांच्या? प्रश्न आपल्या अगदी ओळखीचा आहे. आपल्या ओटीवर तो कितीदा तरी विचारला जातो. येशूचे उत्तर असे की, यानेही पाप केले नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. आता याच्या ठायी देवाचे कार्य काय घडावयाचे ते पाहा. दुःखाच्या मागे वळून कारण शोधण्यापेक्षा दुःखाच्या पुढे काय करावयाचे तिकडे दृष्टी वळविणे, हा या उत्तराचा गाभा आहे. ज्या विधवेस आजवर मागेच पाहावयास लावले गेले, तिला पुढे पाहावयास सांगणारा कोणी भेटला तर तिच्या जिवास केवढा विसावा वाटेल, याची कल्पना सहज करता येईल.

पण हा विसावा रमाबाईंस एका रात्रीत मिळाला असे मात्र कोणी समजू नये. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्यापूर्वीच त्यांची सोबतीण आनंदीबाई भगत हिने परदेशात आत्महत्या केली होती. म्हणजे दुःखाने तेथेही त्यांची पाठ सोडली नव्हती. कानांस कमी ऐकू येऊ लागल्याने वैद्यकी शिकण्याचा बेत सोडावा लागला. धर्मगुरूंची प्रत्येक गोष्ट मान तुकवून मान्य करण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता; मठातील भगिनींशी त्यांचे पत्रोपत्री कडाक्याचे वाद झाले. पुढे १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्या स्वच्छ सांगतात की, बाप्तिस्म्याच्या वेळी आपणांस ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडण्यास आणखी आठ वर्षे लागली. ही कबुली आम्हांस फार मोलाची वाटते. मते पटणे ही एक गोष्ट, आणि आधार सापडणे ही दुसरी. बुद्धीने मानलेला देव परीक्षेस उपयोगी पडतो; अंथरुणावर पडलेल्या मुलाच्या उशाशी रात्र जागताना जो उपयोगी पडतो तो अंतःकरणाने ओळखलेला देव.

आता त्या श्रद्धेत सोसण्याचे बळ देणारे विशेष कोणते, ते थोडक्यात पाहू.

पहिला विशेष हा की, त्या धर्मात देवापाशी गाऱ्हाणे करण्यास पूर्ण मोकळीक आहे. बायबलात स्तोत्रसंहिता म्हणून १५० गीतांचा संग्रह आहे. त्यांतील सुमारे एक तृतीयांश गीते तक्रारीची आहेत. तू कोठे लपलास, किती दिवस मला विसरणार, शत्रू हसत आहेत ते तुला दिसत नाही काय, अशा आशयाचे रडणे त्यांत भरलेले आहे, आणि ही गीते प्रार्थनामंदिरांतून आजही म्हटली जातात. दुःखी मनुष्याने हसतमुख असलेच पाहिजे अशी सक्ती तेथे नाही. आम्हां महाराष्ट्रीयांस यात अपरिचित असे काही नाही. दुष्काळात पत्नी व पुत्र अन्नावाचून गेलेले तुकोबा विठोबाशी कसे भांडले, हे कोणास सांगावयास हवे? टिळकांनी तर आपणांस ख्रिस्ताकडे नेण्यात तुकोबांचा मोठा वाटा असल्याचे मोकळेपणी मान्य केले आहे, आणि आपली ख्रिस्तभक्तीही त्यांनी अभंगांतूनच गायिली.

दुसरा विशेष प्रार्थनेच्या रीतीत आहे. मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने नावाच्या बागेत येशूने केलेली प्रार्थना प्रसिद्ध आहे. तीत दोन पायऱ्या आहेत. हा दुःखाचा प्याला मजपुढून दूर व्हावा, असे मागणे ही पहिली; तथापि माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, ही दुसरी. आपण बहुधा दुःखी माणसास एकदम दुसऱ्या पायरीवर ओढू पाहतो. ‘देवाची इच्छा!’ असे म्हणून त्याचे तोंड बंद करतो. पण जो पहिल्या पायरीवर उभा राहून मनसोक्त रडला नाही, त्याची दुसरी पायरी तोंडदेखली असते. खुद्द ज्यास ते लोक देवाचा पुत्र मानतात, त्याने आधी मागितले आणि मग सोपविले. मग आपल्यासारख्यांनी मागण्याची लाज कां बाळगावी?

तिसरा विशेष सर्वांत मोठा. ख्रिस्ती मनुष्याचा देव दुःखाच्या पलीकडे कोठे उंच सिंहासनावर बसून दुःख पाठवीत नाही. तो स्वतः दुःख भोगलेला आहे. मित्राने विश्वासघात केला, शिष्य पळून गेले, खोटा न्याय झाला, फटके बसले, आणि वधस्तंभावर टांगला असता देवानेच आपणांस टाकले की काय असा प्रश्न त्याच्या तोंडून निघाला. त्यामुळे दुःखी ख्रिस्ती मनुष्यास असे वाटते की, आपण ज्या अंधाऱ्या खोलीत आहोत तेथे आपल्या आधी कोणीतरी येऊन गेला आहे, नव्हे, तो अजून तेथेच बसला आहे. दुःखाचे कोडे याने सुटत नाही. निष्पाप बालके कां मरतात, याचे उत्तर त्या धर्मग्रंथातही सापडत नाही. परंतु उत्तर मिळणे आणि सोबत मिळणे यांत मनुष्याची गरज बहुधा सोबतीची असते. ज्या घरात रात्री मूल आजारी आहे त्या घरातील आईस रोगाची मीमांसा नको असते. कोणीतरी जवळ बसावयास हवे असते.

चौथा विशेष असा की, मागितलेले मिळेलच असे वचन ती श्रद्धा देत नाही. पौल नावाच्या त्यांच्या थोर प्रेषितास काही शारीरिक व्यथा होती. तिला तो अंगातील काटा म्हणतो. ती जावी म्हणून त्याने तीन वेळा प्रार्थना केली, पण ती गेली नाही. तिच्यासह जगण्यास पुरेल इतकी कृपा मिळेल, एवढेच आश्वासन त्यास मिळाले. नवस केला आणि फेडला, असा हा व्यवहार नाही. आपल्याकडेही भागवतात कुंती श्रीकृष्णापाशी विपत्तीच मागते, कारण विपत्तीत त्याचे दर्शन घडते. दोन दूरच्या देशांतील भक्तांचे मन येथे एकमेकांच्या किती जवळ येते, हे पाहून आम्हांस कौतुक वाटते.

श्रद्धेची खरी कसोटी मात्र हातांत दिसते. रमाबाईंस जो आधार मिळाला तो त्यांनी उशाखाली जपून ठेवला नाही. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईस शारदा सदन उघडले. त्या सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिचा पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह झाला. आपल्या घराघरांत माहीत असलेल्या आनंदीबाई कर्वे त्या याच. सदन पुण्यास हलल्यावर मुलींस ख्रिस्ती करण्याचा प्रयत्न होतो असा आक्षेप निघाला. १८९३ मध्ये रानडे व भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले, आणि पुष्कळ पालकांनी मुली परत नेल्या. त्यांची बाजू समजण्यासारखी होती. विश्वासाने सोपविलेल्या मुलींच्या धर्माचा प्रश्न आईबापांस जिव्हाळ्याचाच असणार. तथापि रमाबाईंपुढे आपले काम मोडल्याचे दुःख उभे राहिले, हेही तितकेच खरे.

यानंतर जे घडले ते आम्हांस फार बोधप्रद वाटते. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. दुष्काळ म्हणजे काय, हे ज्या स्त्रीने आपल्या आईबापांच्या प्रेतांजवळ बसून शिकले होते, ती स्वस्थ कशी बसणार? रमाबाई तेथे गेल्या आणि सुमारे तीनशे अनाथ मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेगाचे निर्बंध असल्याने त्यांस केडगावी ठेवावे लागले, आणि तेथे मुक्ती सदन उभे राहिले. पुढे गुजराथच्या दुष्काळातील मुली आल्या. १९०० च्या सुमारास तेथील संख्या दोन हजारांच्या जवळपास पोहोचली. विहिरी खणल्या, शेती केली, माग चालविले, छापखाना घातला, अंध मुलींस उठावाच्या अक्षरांनी वाचावयास शिकविले, पतित स्त्रियांसाठी कृपा सदन काढले. केडगावची ती संस्था आजही चालू आहे. आपल्यास एके काळी न मिळालेली भाकरी दुसऱ्याच्या पानात वाढणे, यापरते दुःखाचे सार्थक कोणते? दुःखाचे खत करून त्यावर दुसऱ्यासाठी पीक काढता येते, हे केडगावच्या माळावर त्यांनी प्रत्यक्ष दाखविले.

दुसरे उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे, आणि ते या विषयाची दुसरी बाजू दाखविते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यांस शांती लाभली असेल. परंतु त्याच क्षणी एका तरुण स्त्रीच्या संसारावर वीज कोसळली. पती जिवंत असून नसल्यासारखा, पदरी लहानगा मुलगा, सोवळे-ओवळे सुटत नाही आणि पतीवरील जीवही सुटत नाही. एकाची श्रद्धा ही दुसऱ्याची आपत्ती कशी होते, हे जो पाहात नाही त्याने या विषयावर बोलू नये. जवळजवळ पाच वर्षे लक्ष्मीबाईंनी ही ओढाताण सोसली. पुढे त्या पतीकडे गेल्या. तेथेही प्रथम त्यांनी आपला स्वयंपाक, आपले पाणी निराळेच ठेवले होते. जातिभेदाची गाठ त्यांनी स्वतःच्या विचाराने, स्वतःच्या वेळी सोडविली, आणि १९०० मध्ये त्यांनी आपखुशीने बाप्तिस्मा घेतला.

या बाईंच्या अंगी शास्त्राध्ययन नव्हते, वक्तृत्व नव्हते. होता तो निर्मळ विनोद आणि दुसऱ्याचे मूल पाहिले की धावणारे काळीज. दुष्काळातील पोरक्या मुलांस त्यांनी घरात घेतले. प्लेगाच्या दिवसांत, आपली माणसेही जेथे जावयास भीत, त्या नगरच्या छावणीत राहून त्यांनी रोग्यांची शुश्रूषा केली. टिळकांच्या अव्यवहारी दातृत्वामुळे घरात कितीदा तरी खडखडाट असे. तरी दारी आलेला उपाशी गेला नाही. १९१९ च्या मे महिन्यात टिळक वारले. त्यांनी ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध काव्य आरंभून अपुरे टाकले होते. ते पुरे करण्याचे काम या फारशा न शिकलेल्या विधवेने अंगावर घेतले आणि बहुतेक सर्व तडीस नेले. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेली त्यांची ‘स्मृतिचित्रे’ तर मराठी घरांत पोथीसारखी वाचली गेली. त्या ग्रंथात दुःखाचे प्रसंग पानोपानी आहेत, पण कुढणे कोठे नाही. श्रद्धेचे हे एक लक्षण आम्हांस पुस्तकी व्याख्येहून अधिक पटते. ज्यास खरा आधार सापडला, त्यास आपल्या फजितीवर हसता येते.

रमाबाईंच्या आयुष्याचा शेवटही दुःखानेच लिहिला गेला. आईच्या मागे मुक्तीचा भार वाहील अशी जिच्याविषयी सर्वांची खात्री होती ती मनोरमा १९२१ च्या जुलैत वारली. त्या वेळी रमाबाईंचे वय त्रेसष्ट, प्रकृती खालावलेली, कान जवळजवळ गेलेले. एकेक करून सारे आप्त आधीच गेले होते; आता उरलेला शेवटचा धागाही तुटला. तरीही त्यांनी हातातील काम टाकले नाही. हिब्रू व ग्रीक या मूळ भाषा शिकून, साध्या बायामाणसांस समजेल अशा सोप्या मराठीत बायबलाचे भाषांतर करण्याचे काम त्यांनी कित्येक वर्षे चालविले होते, आणि मुक्तीतील मुलीच त्याचे खिळे जुळवीत. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. पुनरुत्थानावर, म्हणजे मरणापलीकडे भेट आहे यावर, त्यांची दृढ निष्ठा होती. ती निष्ठा खरी की खोटी, हे येथे बसून कोणी सिद्ध करू शकणार नाही. पण तिच्या जोरावर मुलीच्या मृत्यूनंतरचे ते आठ महिने एका वृद्ध आईने कामात घालविले, ही गोष्ट मात्र सर्वांच्या डोळ्यांपुढे घडलेली आहे.

एवढे सांगितल्यावर एक इशाराही दिला पाहिजे. श्रद्धा ही सोसणाऱ्याने स्वतः धरावयाची काठी आहे. पाहणाऱ्याने ती उगारावयाची नाही. बायबलात ईयोबाची गोष्ट आहे. त्या सज्जन पुरुषाची गुरेढोरे गेली, मुले गेली, अंगभर फोड उठले. तेव्हा त्याचे तीन मित्र समाचारास आले. प्रथम ते सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, कोणी एक शब्द बोलला नाही. मग त्यांनी तोंडे उघडली आणि तुझ्या हातून काहीतरी पाप घडले असले पाहिजे, असे नाना प्रकारे त्यास पटवू लागले. ग्रंथाच्या अखेरीस देव त्या मित्रांवरच कोपतो. देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्यांवर देव रागावला, आणि देवाशी भांडणाऱ्या ईयोबास त्याने आपला म्हटले! मित्रांनी त्या सात दिवसांत जे केले तेवढेच खरे सांत्वन होते. बोलू लागले आणि त्यांनी ते घालविले. ख्रिस्ती घरांतही असे मित्र असतात आणि आपल्या घरांतही असतात. या बाबतीत धर्माधर्मांत फारसा भेद नाही. तसेच श्रद्धा आहे म्हणून औषध नको, प्रार्थना केली म्हणून वैद्य नको, असे म्हणणेही योग्य नव्हे. रमाबाईंनी प्रार्थनाही केली आणि विहिरीही खणल्या.

मोठ्या कुटुंबात दुःखाचा एक सोहळाच होऊन बसतो. सुतकाच्या दिवसांत माणसांची रीघ लागते, दुखवट्याचा भात येतो, प्रत्येकजण काहीतरी बोलून जातो. तेरावा उरकला की घर आपल्या चाकोरीस लागते, आणि ज्या एका कोपऱ्यातील जिवाचे सर्वस्व गेले त्यास मग एकटे वाटू लागते. आमच्या वाचकभगिनींस व बंधूंस आमचे सांगणे एवढेच की, खरी वेळ ती आहे. त्या वेळी त्या कोपऱ्यात जाऊन बसावे. कारण सांगू नये, प्रारब्ध काढू नये, दुसऱ्या कोणाचे याहून मोठे दुःख होते याची उदाहरणे देऊ नयेत. तिला गेलेल्या माणसाविषयी बोलावेसे वाटले तर ऐकावे, रडावेसे वाटले तर रडू द्यावे, आणि काही दिवसांनी तिच्या हातास एखादे दुसऱ्याच्या उपयोगी पडणारे काम द्यावे. शेजारचे एखादे मूल शिकवावयास द्यावे, एखाद्या आजाऱ्याची पथ्याची पेज करावयास सांगावी. फुलहॅमच्या त्या भगिनींपासून केडगावच्या माळापर्यंत ख्रिस्ती श्रद्धेने जे साधले त्याचा अर्क आम्हांस इतकाच दिसतो की, दुःखास वाटेकरी मिळाला म्हणजे ते सोसवते, आणि ज्याने सोसले त्याने पुढे दुसऱ्याचा वाटेकरी व्हावे. हे करण्यास कोणास आपले देवघर बदलावे लागत नाही. देवघरातून उठून माजघरातील त्या कोपऱ्यापर्यंत चार पावले मात्र चालावी लागतात.